खुशाल खा

गावात तिला पीसवाली म्हणत आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. तळ्याच्या मधोमध एक बेट होतं आणि त्यावर पाणकावळ्यांची वस्ती. झाडं विष्ठेनं पांढरीफटक पडलेली, आणि खाली क्षणभर उभं राहवणार नाही असा वास. त्या वासात ही बाई दर हंगामात होडीनं जायची, जमिनीवर पडलेली पिसं चिमट्यानं उचलायची, एकेक वेगळ्या पाकिटात घालायची आणि नाक धरून बसलेल्या होडीवाल्याला सांगायची की अत्तराचं काम निघालं की आधी तुलाच बोलावते.

पिसांचं ती करायची काय, हा प्रश्न तिला इतक्या वेळा विचारला गेला होता की उत्तर तोंडपाठ झालं होतं. पाण्यात पारा शिरला की तो आधी किड्यांत जातो, मग लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत, आणि शेवटी ते मासे गिळणाऱ्या पक्ष्याच्या रक्तात. पक्ष्याला नवीन पीस फुटतं तेव्हा तो रक्तातला बराचसा पारा त्या पिसात लोटून मोकळा होतो. पीस पुरतं वाढलं की त्याचा रक्ताशी संबंध तुटतो. आत गेला तेवढा पारा आतच राहतो, मग पीस कितीही जुनं होऊ दे. ते धुवायचं, वाळवायचं, कातरून वजन करायचं आणि यंत्रात जाळायचं. यंत्र आकडा देतं. पक्ष्याला मारायला नको, सुई टोचायला नको.

या शेवटच्या गोष्टीचा पीसवालीला भारी अभिमान. बाकीचे लोक शिड्या लावून घरट्यांपर्यंत चढत आणि पिल्लांची पिसं उपटून आणत, ते तिला रानटीपणाचं वाटे. शिकत असताना एकदा तीही तशी चढली होती; माणूस जवळ आलेला पाहून दोन पिल्लं भेदरून खाली पडली आणि तिच्या डोळ्यांदेखत मेली. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. “एकाही पाखराला हात न लावता” हे वाक्य ती प्रत्येक भाषणात म्हणायची आणि लोक हमखास टाळ्या वाजवायचे. टाळ्या वाईट नसतात, पण त्या वाजायला लागल्या की आपण बरोबर आहोत ना हे तपासायचं माणूस विसरतो.

तिचे वडील पाट्या रंगवायचे. जग त्यांना पेंटर म्हणे; बायको होती तोवर तीसुद्धा पेंटरच म्हणायची. बाजाराच्या रस्त्यावर दवाखान्यापासून केशकर्तनालयापर्यंत पाटी कुणाचीही असो, खाली उजव्या कोपऱ्यात बारीकसा ब्रश काढलेला असायचाच. ती त्यांची सही. स्वभाव म्हणाल तर पारा कायम चढलेला. गिऱ्हाईकानं अक्षर जरा मोठं करा म्हटलं की हे शिडीवरून उतरून ब्रश त्याच्याच हातात द्यायचे आणि पानाच्या ठेल्यावर जाऊन उभे राहायचे. लोक ऐकून घेत, कारण हात तसा होता. पट्टी नाही, दोरी नाही, खडूची खूण नाही; पाटीभर लांब शिरोरेघ एका दमात ओढायचे आणि रस्त्यानं जाणारे सायकलवरून पाय टेकून ती पुरी होईपर्यंत बघत थांबायचे.

बायको गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा पेंटरांनी गळ घेतला. सकाळी तळ्यावर जायचं, मोठा मासा लागला की आणायचा, आपणच साफ करायचा, आपणच शिजवायचा आणि दोन्ही वेळा तोच जेवायचा. लहान मासे ते पाण्यात परत सोडत. त्यात ना चव ना मान, म्हणत. पीसवालीला माशाचा वास सहन होत नसे. दिवसभर तो नाकात भरलेला असायचा. ती आपल्यापुरती भाजी करायची आणि टेबलाच्या दोन टोकांना बसून बापलेक आपापलं जेवत.

तळ्याच्या वरच्या अंगाला एक कागदाची गिरणी होती, कधीच बंद पडलेली. चालू असताना तिथं लगद्याला बुरशी धरू नये म्हणून पारा असलेलं औषध घालत आणि उरलंसुरलं ओढ्यात सोडत. म्हणून अधूनमधून गावात कुजबूज व्हायची की तळ्यातले मासे खावेत की नाही. नगरपालिकेनं पीसवालीला विचारलं. तिनं तीन हंगामांची पिसं जाळून आकडे पुढे ठेवले: पारा नावापुरता. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मग लोकांच्या मनातली भीती जावी म्हणून धक्क्यावर पाटी लावायचं ठरलं, आणि पाटीचं काम अर्थातच पेंटरांकडे आलं.

मजकूर नगरपालिकेचा होता: सदर जलाशयातील मत्स्य मानवी सेवनास योग्य असल्याचे प्रमाणित करण्यात येत आहे. पेंटरांनी तो वाचला आणि त्यांचा पारा चढला. हे वाचेपर्यंत मासा म्हातारा होईल, म्हणाले. मग जेवताना मुलीला विचारलं की हेच मला घरात सांगायचं असतं तर तू कसं सांगितलं असतंस. ती भाजीचा घास घेता घेता हसून म्हणाली, “खुशाल खा, म्हटलं असतं.”

तेच पाटीवर गेलं. तळ्यातले मासे तपासलेले आहेत. खुशाल खा. निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं, ख चांगला भरल्या पोटाचा, आणि शा चा काना असा ऐसपैस खाली ओढलेला की वाचणाऱ्याला भूक लागावी. पाणीपुरवठ्याचे साहेब जरा कुरकुरले, पण पाटी बघून गप्प झाले. लोक तिच्यापुढे उभं राहून फोटो काढून घेत. पेंटरांच्या आयुष्यातली ती सर्वांत देखणी पाटी होती, आणि मुलीच्या तोंडचा शब्द होता.

पुढच्या वर्ष-दीड वर्षात पेंटरांचा हात बिघडला. आधी बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग ओठांभोवतीही. मग शिरोरेघ मध्येच लचकायला लागली. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. बाजूचं नीट दिसत नाही म्हणायचे. मुलीला सांगितलं, तेव्हा ती कामाच्या गडबडीत होती, बेटावर जायचा हंगाम होता, पाकिटांवर नंबर घालत होती. वर न बघता म्हणाली, “वय झालं बाबा. आता असं थोडंफार होणारच.”

एकदा नाही, ती हे बऱ्याचदा म्हणाली. प्रेमानंच म्हणाली. डॉक्टरांकडेही नेलं, डॉक्टरांनी वयाच्या मानानं ठीक आहे म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या, आणि तिला आपलंच म्हणणं खरं झाल्याचं समाधान वाटलं. आता दगदग पुरे, आयुष्यभर शिडीवर चढलात, जरा बसून खा, असंही तिनं सांगितलं. पेंटर चिडले, तणतणले, आणि दुसऱ्या दिवशी हट्टानं केशकर्तनालयाची नवी पाटी करायला घेतली. ती जमली नाही. केशकर्तनालय मधला पहिला के सुद्धा धड उभा राहीना. न्हाव्यानं बिचाऱ्यानं काही न बोलता पैसे दिले आणि पाटी घेऊन गेला. पुढे पेंटर दाढीला गेले तेव्हा ती पाटी त्यांना आत दिसली, उलटी करून आडवी ठोकलेली. तिच्यावर पावडरीचे डबे ठेवले होते. घरी येऊन त्यांनी ब्रश धुतले, नीट वाळवले, आणि सगळे शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांना देऊन टाकले. दुकानाला कुलूप लागलं. त्यानंतर ते त्या विषयावर बोलले नाहीत, आणि मुलगी मनात म्हणाली की बरं झालं, पटलं एकदाचं.

या हंगामात वादळ झालं. बेटावर दोन झाडं मोडून पडली होती आणि एका घरट्यातलं पिल्लू खाली मरून पडलं होतं, पंख जवळजवळ भरलेले, उडायला थोडेच दिवस उरलेले. मेलेल्याला हात लावायला तिच्या तत्त्वांची हरकत नव्हती. तिनं त्याची चार पिसं काढली आणि बाकीच्या पाकिटांबरोबर प्रयोगशाळेत आणली.

यंत्रानं आकडा दिला तेव्हा ती स्वतःवरच वैतागली. वजन चुकलं असणार. तिनं काटा तपासला, दुसरं पीस घेतलं, पुन्हा धुतलं, पुन्हा कातरलं, पुन्हा जाळलं. तोच आकडा. तिसरं. तोच. जमिनीवरून उचललेल्या पिसांत नावापुरता पारा, आणि त्याच झाडाखालच्या पिल्लाच्या पिसात इतका, की पाकिटाला हात लावायचीही तिला भीती वाटली.

मग तिला समजलं, आणि ती स्टुलावर बसली. चूक काही अवघड नव्हती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारली असती तर त्यानं सांगितली असती. मोठे पाणकावळे या तळ्यावर फक्त घरटी करायला येतात. बाकीचं वर्ष ते दूर समुद्रकाठी काढतात, आणि त्यांना नवी पिसं फुटतात तीही तिकडेच. इथं ती जुनी होऊन गळतात. म्हणजे वर्षानुवर्षं चिमट्यानं उचललेलं एकेक पीस तिला त्या लांबच्या समुद्राची खुशाली सांगत होतं. पीस पडतं तिथलं नसतं, वाढतं तिथलं असतं. तळ्याचं खरं पीस एकच, पिल्लाचं. कारण त्यानं जन्मापासून या तळ्याबाहेरचा घास खाल्लेलाच नव्हता. आणि त्यालाच तिनं इतकी वर्षं मोठ्या मनानं हात लावला नव्हता.

ती घरी आली तेव्हा पेंटर जेवत होते. तिनं पिशवी ठेवली आणि पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, दारात थांबून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते माशातला काटा काढत होते. काटा बोटांत येत नव्हता. घास तोंडापर्यंत जाताना हात दोनदा वाट चुकला. पाण्याचा पेला ताटाच्या अगदी बाजूला होता आणि त्यांना तो मान वळवल्याशिवाय दिसला नाही. बोटांना मुंग्या, ओठांना मुंग्या, बाजूचं न दिसणं, हाताची थरथर: ही यादी ती भाषणात याच क्रमानं सांगायची, पडद्यावर चित्रं दाखवून. रोजचा मोठा मासा, दोन्ही वेळा, आणि तो खुशाल खा म्हणून सांगणारी ती, जिनं स्वतः त्याचा घास कधी तोंडात घातला नाही.

खात्री करायला केस हवे होते. माणसाच्या केसातही पारा तसाच साठतो. पण पेंटरांच्या डोक्यावर केस उरलेत कुठं? होती ती मिशी, पांढरी, भरघोस, आणि त्यांचा जीव की प्राण. तिनं प्रयोगशाळेला तुलनेसाठी माणसाचे थोडे केस पाहिजेत असं काहीतरी सांगितलं. पेंटरांनी तिच्याकडे संशयानं पाहिलं. पाणकावळे संपले का, म्हणाले. मग मिशी पुढे केली आणि बजावलं की डावीकडून घेशील तेवढीच उजवीकडूनही घे, नाहीतर लोक विचारतील कोणाशी भांडलात. ती कात्री चालवताना हसली. हसता हसता डोळे भरून आले, ते तिनं मान वळवून पुसले.

मिशीचा आकडा पिल्लाच्या पंक्तीत बसणारा होता.

दुसऱ्या, जाणत्या डॉक्टरांना तिनं आधी एकटीनं गाठलं. त्यांनी सांगितलं की मासा आजच्या आज बंद करा. पारा हळूहळू उतरेल, आणखी बिघडणार नाही. गेलं ते बरंचसं गेलंच. वेळेवर कळलं असतं तर, असं वाक्य त्यांनी सुरू केलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून तिथंच सोडलं.

संध्याकाळी तिनं वडिलांना सगळं सांगितलं. पिसं कुठली होती, चूक कशी झाली, मिशी कशाला नेली. बोलताना ती टेबलावरच्या ओरखड्याकडे बघत होती आणि मनातून वाट बघत होती की आता यांचा पारा चढेल, आता ताट भिरकावतील. त्यांनी ओरडावं असं तिला फार वाटत होतं. पेंटर ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, “म्हणजे वय नव्हतं ते?”

ती नाही म्हणाली.

“मी म्हातारा झालो म्हणून नव्हतं.”

“नाही, बाबा.”

पेंटरांनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला आणि तो थरथरताना बघत बसले, कुणा ओळखीच्याचा असावा तसा. ब्रश देऊन टाकले मी, म्हणाले, पण ते तिला उद्देशून नव्हतं. मग त्यांनी मान वर केली.

“पिसांचं चुकलं ते मला कळतं,” ते म्हणाले. “चुकतं कामात माणूस. माझ्याही पाट्या चुकल्यात. पण एका पिसासाठी तू होडीनं त्या घाणीत जातेस. आणि माझा हात रोज तुझ्यासमोर याच टेबलावर होता. तू बघितलं नाहीस.”

माफ करा असं ती म्हणाली खरं, पण तो शब्द त्या टेबलावर फारच लहान दिसला.

नगरपालिकेत तिनं स्वतः जाऊन आकडे दिले आणि आपली चूक आहे असं सांगितलं. साहेब गांगरले. तळ्यातले मासे विकणाऱ्या बाया दारात येऊन तिला नाही नाही ते बोलल्या आणि तिनं ते उभ्यानं ऐकून घेतलं. धक्क्यावरची पाटी ताबडतोब उतरवायचं ठरलं. नवी छापून यायला वेळ लागणार होता. पेंटरांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले की उतरवायची काही गरज नाही, ती पाटी माझी आहे, मीच बदलतो. मुलीनं समजावून पाहिलं. शिडी आहे, ऊन आहे, हात... इथं ती अडखळली. पेंटर तिच्याकडे नुसते बघत राहिले, आणि ती जाऊन चित्रकलेच्या मास्तरांकडून एक रुंद ब्रश आणि एक मधला ब्रश मागून घेऊन आली.

निळा रंग तिनं पातळ केला, डबा तिनं धरला, शिडी तिनं धरली. रुंद ब्रशानं पेंटरांनी आधी पहिली ओळ झाकली. मग खुशालवर आले तेव्हा थोडे थांबले. तो भरल्या पोटाचा ख, तो ऐसपैस काना. मग तोही झाकला. खाली उरलेला खा तेवढा चांगला होता. तो त्यांनी तसाच ठेवला आणि त्याच्यापुढे लिहायला घेतलं. पांढऱ्या रंगाचा ब्रश निळ्यावर टेकला की लगेच भरकटायचा. ऊ चं शेपूट भलतीकडेच गेलं. न वाकडा, का त्याहून वाकडा, आणि शिरोरेघ खाचखळग्यांतून गेल्यासारखी. एवढ्याशा अक्षरांना त्यांना पूर्वीच्या दहा पाट्यांचा वेळ लागला. खाऊ नका. त्यात खा तेवढा जुन्या हातचा होता, बाकी सगळं नव्या. मधून मधून ते खाली विचारत की वाचता येतंय ना, आणि ती येतंय म्हणत होती.

ते शिडीवरून उतरले. सवयीनं ब्रश खालच्या उजव्या कोपऱ्यापाशी गेला, जिथं जुनी सही निळ्याखाली गेली होती, आणि तिथून तसाच मागे आला. सही त्यांनी केली नाही.

तेवढ्यात धक्क्यावरून गळ घेऊन चाललेला एक माणूस सायकलवरून पाय टेकून थांबला. बाहेरगावचा असावा, त्यानं यांना ओळखलं नाही. त्यानं पाटी वाचली, पुन्हा वाचली, काय खायचं नाही आणि का ते विचारलं, आणि पीसवालीनं सांगितलं ते गंभीरपणे ऐकून घेतलं. मग गळ गुंडाळता गुंडाळता तो पाटीकडे बघून हसला आणि म्हणाला की काम मात्र कोणा शिकाऊकडून करून घेतलेलं दिसतंय.

पेंटरांचा चेहरा लाल झाला. एरवी त्यांनी त्याच्या हातात ब्रश दिला असता. त्यांनी आपला उजवा हात हळूच पाठीमागे नेला.

“अक्षर माझ्या मुलीचं आहे,” ते म्हणाले. “तिला सवय नाही.”

माणसानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातात रंगाचा डबा होता आणि बोटं पांढरी झाली होती.

“हो,” ती म्हणाली. “माझंच काम आहे हे.”

माणूस मान हलवून सायकलवर बसला आणि गेला. तिनं ब्रश वडिलांच्या हातातून घेतला आणि धुवायला पाण्याकडे उतरली.